लिहिणाऱ्याने हे करून पाहिलंय का?
मुलांची माहितीची आणि कृतीची पुस्तकं घेताना

आम्ही सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी दोनच प्रकारची पुस्तकं ठेवतो: जगाची खरीखुरी माहिती देणारी आणि हाताला काम देणारी. गोष्टींची पुस्तकं आम्हालाही आवडतात, पण ती निवडणारे आमच्याहून जाणकार लोक आहेत. या दोन प्रकारांत मात्र आम्ही बरीच वर्षं हात काळे केलेत, एकदा टेबलही जाळलंय. त्यातून जे कळलं ते या पत्रकात आहे. पुस्तक तुम्ही आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून, निवडताना उपयोग होईल.

एखादं पुस्तक ठेवायचं की नाही हे ठरवताना आम्ही एकच गोष्ट शोधतो. लिहिणाऱ्याने हे स्वतः करून पाहिलंय का? कागद, चित्रं, वयोगट, किंमत हे सगळं त्यानंतर.

साहित्याच्या यादीपासून सुरुवात करा

मुखपृष्ठ बाजूला ठेवा. मधली कुठलीही कृती उघडा आणि साहित्याची यादी वाचा. ‘थोडा दोरा, एखादं वजन, काठी’ एवढंच लिहिलं असेल तर ती कृती बहुधा खुर्चीत बसून रचलेली आहे. ज्याने केली आहे तो लिहितो, ‘सव्वा मीटर दोरा, ताणला जाणार नाही असा’. कारण ताणला जाणारा दोरा घेऊन त्याची एकदा फजिती झालेली असते.

ही यादी लंबकाची आहे. दोऱ्याला वजन बांधून टांगा. टांगलेल्या जागेपासून वजनाच्या मध्यापर्यंत १ मीटर अंतर ठेवलं, तर एका झोक्याला, म्हणजे जाऊन परत यायला, जवळजवळ २ सेकंद लागतात. एकच झोका मोजायला गेलात तर चूक होते, म्हणून दहा मोजायचे: २० सेकंद. आता वजन दुप्पट करा. तरी २०च. मुलं इथे एकदा मोजून थांबत नाहीत, आपलंच चुकलं असं समजून पुन्हा मोजतात. मोजू द्या.

मग विचारा, हा वेळ निम्मा करायचा असेल तर दोरा किती ठेवायचा? मूल म्हणतं अर्धा मीटर. घरातली मोठी माणसंही तेच म्हणतात. ५० सेंटीमीटर दोऱ्यावर दहा झोक्यांना साधारण १४ सेकंद लागतात. १० सेकंद हवे असतील तर दोरा २५ सेंटीमीटरवर आणावा लागतो, म्हणजे पाव. चांगलं पुस्तक हा प्रश्न विचारतं आणि गप्प बसतं. उत्तर शेवटच्या पानांवर कुठेतरी असतं. वाईट पुस्तक कृतीच्या मथळ्यातच सांगून टाकतं की वेळ वजनावर नाही, लांबीवर ठरतो. मग दोरा बांधायचा तरी कशाला?

मेणबत्तीचं पान

पुस्तक पारखायला आम्ही हमखास उघडतो ते पान पेल्याखालच्या मेणबत्तीचं. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, तिच्यावर पालथा पेला. ज्योत विझते आणि पाणी पेल्यात वर चढतं. पाहायला फार छान वाटतं. त्याखाली बहुतेक पुस्तकं छापतात: ‘ज्योतीने प्राणवायू संपवला. हवेत प्राणवायू सुमारे एक पंचमांश असतो, म्हणून पाणी पेल्याच्या एक पंचमांश चढलं.’

हे चूक आहे, आणि चूक आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. नीट पाहिलं तर पाण्याचा बराचसा चढ ज्योत जळत असताना होत नाही, ती विझता विझता आणि विझल्यानंतर होतो. प्राणवायू संपल्यामुळे पाणी चढत असतं, तर ते जळतानाच हळूहळू वर आलं असतं. शिवाय एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून बघा. पेला तोच, आतली हवा तेवढीच, पण पाणी जास्त चढतं. मुख्य कारण उष्णतेचं आहे. पेला झाकताना आतली हवा तापून फुगलेली असते, कधीकधी कडेने बुडबुडे बाहेर पडतानाही दिसतात. ज्योत विझली की ती हवा निवते, आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. आणि ज्योत विझते तेव्हाही आत बराच प्राणवायू शिल्लक असतो.

म्हणून जे पुस्तक ‘एक पंचमांश’ म्हणतं, ते दुसऱ्या पुस्तकावरून उतरवलेलं आहे असं आम्ही धरून चालतो. जे ‘आता तीन मेणबत्त्या लावून पाहा’ म्हणतं, ते लगेच घेतो. (जळलेलं टेबल याच कृतीचं. मेणबत्ती ताटलीच्या मध्ये घट्ट चिकटवायची असते, काठावर नाही.)

अशीच दुसरी खूण म्हणजे जिभेचा नकाशा: टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट. जीभभर सगळ्या चवी कळतात. साखरेचं पाणी कापसाच्या बोळ्याने जिभेच्या कडेला लावलं तर पाच मिनिटांत खात्री होते. तरी हा नकाशा अजून छापला जातो.

‘नाही जमलं तर’

कृतीच्या शेवटी अशी एखादी ओळ आहे का ते बघा. आमच्या मते पुस्तकातली सगळ्यांत प्रामाणिक ओळ तीच. ओल्या कापसावर शेंगदाणे-वाल रुजत घालण्याची कृती घ्या. पुस्तकात चौथ्या-पाचव्या दिवशी मोड दाखवलेला असतो आणि तुमच्या वाटीत बुरशी आलेली असते. कारण जवळपास नेहमी एकच: पाणी फार झालं. बीला ओल लागते तशी हवाही लागते. पाण्यात बुडालेली बी गुदमरून कुजते. कापूस पिळून थेंब गळायचा थांबला की तेवढी ओल पुरते. हे वाक्य पुस्तकात असेल तर मूल दुसऱ्यांदा बी घालतं. नसेल तर त्याला वाटतं आपल्याला हे येत नाही, आणि पुस्तक कपाटात जातं.

कागद आणि बांधणी

कृतीचं पुस्तक टेबलावर उघडं पडून राहिलं पाहिजे. नुसत्या गोंदाने चिकटवलेली बांधणी मिटायला बघते आणि मुलाचे दोन्ही हात कामात असतात. स्पायरल सगळ्यांत सोयीची, शिवलेली बांधणीही चालते, कमी पानांना मधली पिन पुरते. कापायची पानं असतील तर ती एका बाजूलाच छापलेली हवीत. हे सांगायची गरज पडू नये, पण पुढचा मुखवटा कापताना मागच्या सूचना कापल्या जातात अशी पुस्तकं आमच्या हातून गेली आहेत.

नेहमीचा लिहायचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, म्हणजे त्याच्या एका चौरस मीटरचं वजन तेवढे ग्रॅम भरतं. त्याची घडी छान पडते, पण त्याचं घर उभं राहत नाही. कापून उभं करायच्या नमुन्यांना १६०च्या पुढचा जाड कागद हवा. चकचकीत कागदावर छायाचित्रं खुलतात पण पेन्सिल उमटत नाही. म्हणजे माहितीच्या पुस्तकाला तो ठीक, लिहायच्या-भरायच्या पुस्तकाला नाही.

माहितीची पुस्तकं

इथे ‘करून पाहिलंय का’चा अर्थ होतो ‘तपासून पाहिलंय का’. मागच्या-पुढच्या पानावर आवृत्तीचं साल असतं ते वाचा, आणि आवृत्ती व पुनर्मुद्रण यांत फरक करा. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापलेला. मागच्या वर्षी छापलेल्या पुस्तकात प्लूटो नववा ग्रह म्हणून दिमाखात बसलेला असू शकतो. खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला २००६ साली बटुग्रहांत टाकलं. शनीच्या चंद्रांची संख्या तर इतक्यांदा वाढली आहे की ‘आजवर सापडलेले’ असा शब्द न वापरता नुसता आकडा देणारं पुस्तक आम्हाला बेफिकीर वाटतं. डायनासोरांचंही तसंच. पिसांसारखं आवरण असलेल्या डायनासोराचा चीनमधला जीवाश्म १९९६ साली पुढे आला, त्यानंतर असे बरेच सापडले. सगळेच्या सगळे खवल्यांचे रंगवणारं पुस्तक त्याआधीच्या काळातलं.

सूर्यमालेचं चित्र उघडलंत तर त्याखाली ‘अंतरं प्रमाणात नाहीत’ असं लिहिलंय का बघा. पृथ्वी १ सेंटीमीटरची धरली तर चंद्र तिच्यापासून सुमारे ३० सेंटीमीटरवर येतो, म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीच्या दुप्पट. सूर्य मात्र १ मीटरहून थोडा मोठा आणि तब्बल ११७ मीटरवर. पुस्तकाच्या दोन पानांत हे मावणं शक्य नाही, आणि त्यात पुस्तकाचा दोष नाही. पण ‘बाहेर मोकळ्या जागेत जा आणि पावलं मोजा’ एवढं तरी त्याने सांगावं.

पालकांची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो: ‘तो वाचत नाही, नुसती चित्रं बघतो.’ या पुस्तकांचं वाचन असंच असतं. १६५८ साली कोमेनियस या शिक्षकाने मुलांसाठी लॅटिन आणि जर्मन अशा दोन भाषांत एक चित्रमय पुस्तक काढलं. त्यात चित्रातल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक होता आणि तोच क्रमांक मजकुरातल्या शब्दाला. नजर चित्रावरून शब्दाकडे आणि शब्दावरून परत चित्राकडे जावी म्हणून केलेली ती सोय होती. आजही चांगल्या पुस्तकात चित्राखालच्या ओळी मजकुराइतक्याच कसून लिहिलेल्या असतात. मूल मधूनच सुरुवात करील, एकच पान महिनाभर बघेल, अर्ध्यावर सोडील. ते पान कुठलं आहे तेवढं लक्षात ठेवा. पुढचं पुस्तक त्याच विषयाचं घ्या.

शेवटी सूची असेल तर ती कशी वापरायची हे एकदा शेजारी बसून दाखवा. ‘मुंगी’ शोध, पान काढ, त्या पानावर मुंगी कुठे आहे ते दाखव. आठ वर्षांच्या मुलाला हा खेळ वाटतो.

वयाच्या आकड्याबद्दल

मुखपृष्ठावरच्या ‘६+’ या आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, धोका आणि अवघडपणा. वाचणारी बुद्धी आणि कापणारा हात एकाच वेगाने वाढत नाहीत. दहा वर्षांच्या मुलाचं वाचणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला कात्रीने गोल कापणं जड जाऊ शकतं. मूल डावखुरं असेल तर डावखुऱ्यांची कात्री मुद्दाम घ्या. नेहमीच्या कात्रीचं पातं डाव्या हातात धरल्यावर कापायची रेघच झाकतं, आणि मग आपण म्हणतो की याचं लक्ष नसतं.

धोक्याच्या बाबतीत मात्र सूट नाही. पुस्तकासोबत किंवा पेटीत लहान, जोरकस चुंबक असतील तर ते मोजून द्या, मोजून परत घ्या. असे दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन वेगवेगळ्या पदरांतून एकमेकांना ओढतात आणि मधल्या भागाला भोक पडू शकतं. बटणाएवढी चपटी बॅटरी घशाखाली अडकली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. अशी शंका जरी आली तरी वाट न बघता रुग्णालयात जा. पुस्तक मोठ्या मुलाचं असलं तरी घरात रांगणारं भावंड आहे का, हा विचार आधी करा. भिंगातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे पाहायचं नाही, हे ज्या पुस्तकाने ठळक अक्षरांत लिहिलेलं नाही ते पुस्तक आम्ही ठेवत नाही, बाकी कितीही सुंदर असो.

घरी गेल्यावर

रविवारी सकाळी पुस्तक उघडायचं असेल तर यादी शनिवारी वाचा. ऐन वेळी डिंक संपलेला असणं हे अर्धवट राहिलेल्या कृतींचं पहिलं कारण आहे. एक खोकं कायम भरलेलं ठेवा: दोरा, पट्टी, मोजपट्टी, पुठ्ठ्याचे तुकडे, रिकाम्या बाटल्यांची झाकणं, कागद जोडायच्या क्लिपा, जुनी वर्तमानपत्रं टेबलावर अंथरायला. सोबत एक साधी वही. तिच्यात तारीख, काय केलं आणि काय झालं एवढंच. शुद्धलेखन तपासू नका.

तुमचे हात पाठीमागे बांधून ठेवता आले तर उत्तम. आम्हालाही जमत नाही. वाकडं चिकटलेलं चाक सरळ करण्याचा मोह भयंकर असतो, पण वाकड्या चाकाची गाडी एका बाजूला का वळते हे तिच्या मालकालाच शोधू द्या.

पुस्तक मागवताना आम्हाला काय सांगाल

इयत्ता आणि गुण सांगू नका. मूल गेल्या आठवड्यात कशाबद्दल सारखं विचारत होतं ते सांगा. गटारं कुठे जातात, दात का पडतात, विमान वर कसं राहतं, काहीही. कात्री स्वतः चालवतं का, सलग किती वेळ बसतं, घरात लहान भावंड आहे का, तेही सांगा. एवढ्यावरून आम्ही दोन-तीन पुस्तकं सुचवतो आणि त्यांतली कुठली कृती आम्हाला जमली नाही तेही लिहून देतो.

कापलेलं, रंगवलेलं पुस्तक परत घेता येत नाही. पण पुस्तकातली एखादी कृती सांगितल्याप्रमाणे करूनही होत नसेल तर आम्हाला कळवा. ती आम्ही इथे पुन्हा करून बघतो. चूक पुस्तकाची निघाली तर पुढच्या प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी घालतो, आणि तुम्हालाही पाठवतो. मेणबत्तीच्या पानासाठी अशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा आमच्याकडे तयारच असतो.