यथार्थ न्याय (ख्रिस्ती शिकवण)

दुसऱ्याच्या कृतीचा निवाडा करताना वरवरचे रूप, ऐकीव माहिती किंवा माणसाचे वजन न पाहता पुरावा आणि नियमामागचा हेतू पाहणे, याला ख्रिस्ती शिकवणीत यथार्थ न्याय म्हणतात. आधार बायबलच्या नव्या करारातील योहानाच्या शुभवर्तमानाचा, ७:२४ (अध्याय ७, वचन २४) : ‘तोंड पाहून न्याय करू नका, तर यथार्थ न्याय करा.’ याला उत्तर म्हणून हमखास मत्तयाच्या शुभवर्तमानातले ७:१ पुढे केले जाते : ‘तुमचे दोष काढण्यात येऊ नयेत म्हणून तुम्ही कोणाचे दोष काढू नका.’ वचने सुटी काढली की ती एकमेकांना छेदतात. वचनांचे क्रमांक मूळ लेखकांनी घातलेले नाहीत; अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, तर नव्या करारातील वचनांचे आकडे १५५१ च्या छापील आवृत्तीतले.

योहानातील वादाचे मूळ दोन अध्याय मागे आहे. बेथेस्दा तळ्याजवळ ३८ वर्षे आजारी असलेल्या माणसाला येशूने शब्बाथ दिवशी (यहुद्यांचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी काम वर्ज्य) बरे केले आणि बाज उचलून चालायला सांगितले. शब्बाथ दिवशी ओझे उचलले, हा आक्षेप. मंडपाच्या सणात (यहुद्यांचा एक वार्षिक सण) मंदिरात शिकवताना येशू त्याला उत्तर देतो : मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची असते; तो दिवस शब्बाथाला आला तरी तुम्ही ती करता, मग सबंध माणूस बरा केला तर राग का? म्हणजे ‘तोंड पाहून’ इथे चेहऱ्यामोहऱ्याचा प्रश्नच नाही. उचललेली बाज दिसली आणि तेवढ्यावर गुन्हा ठरला, तोही स्वतःला दिलेली सवलत दुसऱ्याला नाकारून, ही ती चूक. याच अध्यायात निकदेम नावाचा यहुदी पुढारी विचारतो, की माणसाचे ऐकून घेतल्यावाचून नियमशास्त्र त्याचा न्याय करते काय (७:५१). जुन्या करारातील ‘लेवीय’ या नियमांच्या पुस्तकातले १९:१५ तर गरिबाची भीड आणि थोराचा मुलाहिजा दोन्ही नाकारते. त्यातला गरिबाचा भाग प्रवचनांत सहसा गाळला जातो.

मत्तयातील उतारा पहिल्या वचनाशी थांबत नाही. कुसळ-मुसळाचा दाखला मराठीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो बहुधा अर्ध्यावर सोडतात. पाचवे वचन सांगते : आधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल. कुसळ काढायचे आहेच. क्रम बदलायचा आहे. पुढे डुकरांपुढे मोती टाकू नका (७:६) आणि खोट्या संदेष्ट्यांना फळांवरून ओळखा (७:१५–२०) असे येते, आणि पारख केल्याशिवाय यातले काहीच करता येत नाही.

मंडळीतील (म्हणजे चर्चच्या सभासदांतील) तक्रारीची पद्धत मत्तय १८:१५–१७ मध्ये आहे. आधी दोघांनीच, एकांतात बोलणे. ऐकले नाही तर आणखी एकदोघांना नेणे. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या १९:१५ प्रमाणे दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी म्हणून. तरीही नाही तर मंडळीला सांगणे, आणि मंडळीचेही न ऐकल्यास त्याला परराष्ट्रीय किंवा जकातदार, म्हणजे बाहेरचा समजणे. बिघडते ते बहुतेक पहिल्याच पायरीवर : त्या माणसाशी न बोलता तक्रार ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून चार घरी पोहोचते. दुसऱ्या पायरीवर साक्षीदारांऐवजी आपली बाजू घेणारे नेले जातात. ‘दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले’ (१८:२०) हे वचन छोट्या प्रार्थनासभांत वापरतात. त्याचे मूळ ठिकाण मात्र हीच चौकशी. अत्याचारासारख्या गुन्ह्यात पीडिताला एकांतात समेटाला पाठवणे हा या उताऱ्याचा गैरवापर आहे. गुन्ह्याला शिक्षा करण्याचे काम प्रेषित पौलाचे ‘रोमकरांस’ हे पत्र (अध्याय १३) सत्ताधाऱ्यांकडे देते.

मर्यादाही ठरलेल्या आहेत. पौल बाहेरच्यांचा न्याय देवावर सोपवतो आणि आतल्यांचा मंडळीवर (१ करिंथ ५:१२–१३). ही वाटणी आज सर्रास उलटी चालते. मनातले हेतू प्रभू येईल तेव्हा उघड होतील, तोवर त्यांचा निकाल लावू नये (१ करिंथ ४:५). खाणेपिणे आणि दिवस पाळणे यांवरून भावाला दोषी ठरवणे रोमकरांस १४ मध्ये मना आहे.

व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला दगडमार करावा का, असे विचारत तिला येशूपुढे आणल्याचा प्रसंग (योहान ७:५३–८:११) सर्वांत जुन्या उपलब्ध हस्तलिखितांत नाही, त्यामुळे अनेक आवृत्त्या तो कंसात छापतात. तो धरला तरी वाचनाचा नियम तोच : लेवीय २०:१० दोघांनाही दोषी धरते, आणि आणलेली फक्त स्त्री. अनुवाद १७:७ प्रमाणे पहिला दगड साक्षीदाराने टाकायचा असतो. येशू तिला दोषी ठरवत नाही, आणि ‘ह्यापुढे पाप करू नको’ असेही सांगतो.