मॅकेन्झी म्हणजे ‘देखणी’ नव्हे

बाळाच्या नावांच्या याद्यांमध्ये ‘मॅकेन्झी’पुढे हमखास लिहिलेलं असतं: स्कॉटिश, मुलगा-मुलगी दोघांनाही चालणारं प्राचीन नाव, अर्थ ‘देखणी’. यातलं स्कॉटिश तेवढं खरं.

मुळात हे आडनाव आहे. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत ‘मॅक’ म्हणजे मुलगा. पुढचा भाग ‘कोन्याख’ या पुरुषाच्या नावाचा, ज्याला इंग्रजीत केनेथ म्हणतात. देखणा तो कोन्याख. मॅकेन्झी हा त्याचा मुलगा! गेलिकमध्ये बाईच्या आडनावात ‘मॅक’ नसतोच, तिथे ‘निक’ येतो. मुलींना मॅकेन्झी म्हणायची टूम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत फोफावली.

त्यातला ‘झ’सुद्धा उपराच. स्कॉट्स या तिथल्याच दुसऱ्या भाषेतल्या जुन्या लिखाणात तिथे ३ च्या आकड्यासारखं दिसणारं ‘योख’ हे अक्षर होतं, उच्चार साधारण ‘य’. छापखान्यात त्याचा खिळा (छपाईचा धातूचा ठसा) नसे, म्हणून झेडचा खिळा बसवला गेला. मेन्झीज आडनावाला स्कॉटलंडमध्ये अजूनही ‘मिंगिस’ म्हणतात, ते यामुळेच.

नाव आवडलं तर खुशाल ठेवा. ‘मॅक’ खटकत असेल, तर ‘ब्लेअर’ बघा. तेही आडनावच, पण मूळ अर्थ मैदान. त्यात मुलगा नाही की मुलगी नाही.