कलम १७चा अर्ज (सरफेसी कायदा)

गृहकर्ज थकल्यावर घराचा ताबा घेण्यासाठी किंवा ते विकण्यासाठी बँकेने केलेल्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे (डीआरटी) करायचा अर्ज. २००२च्या सरफेसी कायद्यातील कलम १७ हा त्याचा आधार. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत.

पूर्वी तारण विकायचे तर बँकेला बहुधा दावा लावून हुकूमनामा मिळवावा लागे. सरफेसीने ती पायरी काढून टाकली. आता बँक स्वतःच ताबा घेऊन लिलाव करते आणि दाद मागायला घरमालकाला धावावे लागते. कलम ३४मुळे दिवाणी न्यायालयाचे दारही त्याला जवळपास बंद आहे. मूळ कायद्यात तर मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरल्याशिवाय न्यायाधिकरण त्याचे म्हणणे ऐकत नसे. ज्याचा हप्ताच निघत नाही, त्याने पाऊण रक्कम आणायची कुठून? एप्रिल २००४मध्ये मार्डिया केमिकल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवली. घर वाचवू पाहणाऱ्याच्या दृष्टीने या कायद्याच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा निकाल आहे.

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबी थकीत कर्ज, होते आणि ६० दिवसांची मागणी नोटीस निघते. तिच्यावर लेखी हरकत घेता येते. बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचे असते. उत्तर पटले नाही तरी या टप्प्यावर डीआरटीकडे जाता येत नाही. मुदत उलटल्यावर दारावर ताबा नोटीस चिकटते आणि दोन वृत्तपत्रांत छापून येते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले. हा सांकेतिक ताबा. माणसे घरातच असतात, किल्ली त्यांच्याच हातात असते, त्यामुळे अजून वेळ आहे असे वाटते. पण अर्जाची ४५ दिवसांची मुदत इथूनच मोजली जाते. घराला कुलूप लागेपर्यंत थांबण्याची गरज नाही, सांकेतिक ताब्यालाही आव्हान देता येते, हे हिंडन फोर्ज खटल्यात (२०१८) स्पष्ट झाले. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४खाली दंडाधिकाऱ्याची मदत घेते.

नोकरी गेली, आजारपण आले, ही कारणे कितीही खरी असली तरी अर्ज त्यांवर टिकत नाही. बँकेने कायद्याबरहुकूम पावले टाकली का, एवढेच न्यायाधिकरण तपासते. म्हणून नोटिसांचे लिफाफे, पोचपावत्या आणि खातेउतारा जपून ठेवणे वकिलाच्या युक्तिवादाइतकेच मोलाचे. खाते चुकीने एनपीए ठरवले, सहकर्जदाराला नोटीसच दिली नाही, मूल्यांकन न करता विक्री काढली, लिलावापूर्वी ३० दिवसांची नोटीस दिली नाही, असे मुद्दे चालतात. थकबाकी मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी असेल तर हा कायदा लागूच होत नाही. शेतजमिनीलाही तो लागू नाही. मात्र नुसता तसा दावा पुरत नाही. गोव्यातील एका आलिशान हॉटेलाच्या ब्लू कोस्ट खटल्यात (२०१८) तारणातील काही जमीन शेतीची असल्याचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले, कारण तिथे शेती होतच नव्हती.

अर्ज ६० दिवसांत, फार तर चार महिन्यांत निकाली काढावा असे कायदा सांगतो. दरम्यान लिलाव थांबवायचा तर स्थगिती मागावी लागते. ती देताना न्यायाधिकरण काही रक्कम भरायला सांगू शकते. कारवाई बेकायदा ठरली तर ताबा परत मिळतो, आणि कलम १९खाली भरपाईही मागता येते. अर्ज फेटाळला गेल्यास ३० दिवसांत अपील करता येते, पण त्यासाठी देण्याच्या ५० टक्के रक्कम भरावी लागते. अपीलीय न्यायाधिकरण ती २५ टक्क्यांपर्यंत उतरवू शकते.

पूर्वी विक्री होईपर्यंत सगळी बाकी भरून घर सोडवता येत असे. २०१६च्या दुरुस्तीने ही संधी लिलावाची नोटीस प्रसिद्ध होताच संपते, आणि २०२३मध्ये बाफना मोटर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ही तरतूद कठोर आहे, कारण लिलावाची तारीख समोर आल्यावरच अनेक कुटुंबे नातेवाइकांकडून पैसे उभे करतात.

कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात २०२०मध्ये घटनापीठाने सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचा निर्वाळा दिला. घरात भाडेकरू असेल तर त्यालाही कलम १७खाली दाद मागता येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या भाडेकरूला सरफेसीच्या जोरावर बाहेर काढता येत नाही, असा निकाल २०१६मध्ये मुंबईतील विशाल कलसारिया खटल्यात लागला.