थर्मल पेस्ट
संगणकाचा प्रोसेसर आणि त्यावरील हीटसिंक (उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) यांमधील फट भरणारा उष्णतावाहक लेप. दुरुस्ती करणारे याला हीटसिंक कंपाउंडही म्हणतात. बहुधा सिलिकोन तेलात झिंक ऑक्साइड, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा चांदीची बारीक पूड घोटून तो करतात.

धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी एकमेकांवर दाबल्यावर ते मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात. बाकी खळग्यांत हवा राहते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, हवेची जेमतेम ०.०२६. पेस्टची साधारण १ ते १० भरते. म्हणजे हवेच्या जागी ती वरदान, धातूच्या जागी मात्र अडथळा. म्हणून थर पातळच हवा. ४ चौ. सेंमी. क्षेत्रावर ५ वाहकतेच्या पेस्टचा ५० मायक्रोमीटर थर असेल, तर १०० वॅट उष्णता वाहताना तापमानात अडीच अंशांचा फरक पडतो. थर चौपट झाला की तोच फरक दहा अंशांवर जातो.

हा लेप प्रोसेसरच्या आधीपासून पॉवर ट्रान्झिस्टरसाठी वापरात आहे. २एन३०५५ सारखा ट्रान्झिस्टर हीटसिंकवर कसताना अभ्रकाच्या चकतीला दोन्ही बाजूंनी पांढरा लेप लावीत. संगणकात त्याची गरज साधारणपणे १९९० नंतर वाढली. काही वॅट उष्णता देणाऱ्या ४८६ प्रोसेसरवर हीटसिंक कोरडाच बसवलेला आढळतो. १९९३ च्या पेंटियमपासून उष्णता १५ वॅटच्या आसपास गेली. पृष्ठभाग घासून आरशासारखे केल्यास पेस्ट लागत नाही, असे काहींचे मत आहे. घासल्याने लागणारा थर पातळ होतो, गरज संपत नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रोसेसरची चिप आणि तिच्यावरील धातूचे झाकण यांमधील जोडणीचा वाद याच धर्तीचा. इंटेलने २०१२ च्या आयव्ही ब्रिज या प्रोसेसर-पिढीत तेथील सोल्डरऐवजी (वितळवून जोडायच्या मिश्रधातूऐवजी) पेस्ट वापरली. २०१८ मध्ये आय९-९९००के या प्रोसेसरमध्ये सोल्डर परत आले. मधल्या काळात अनेक हौशी मंडळींनी झाकणे उचकटून पेस्ट बदलली. वाढत्या तापमानाचा दोष पेस्टचा, की झाकण चिकटवणाऱ्या गोंदामुळे रुंदावलेल्या फटीचा, यावर बरीच चर्चा झाली; फटीचे कारण अधिक पटते.

गॅलियमयुक्त द्रवधातूचे लेप पेस्टहून पुष्कळ चांगले वाहक आहेत, पण गॅलियम अ‍ॅल्युमिनियमला पोखरते. त्यामुळे ते अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर चालत नाहीत.

जुनी पेस्ट वाळून चुन्याच्या पोपड्यांसारखी होते. ए.एम.डी. कंपनीच्या प्रोसेसरसाठीच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या खाचेवर) अशा वेळी हीटसिंक सरळ वर ओढला, तर प्रोसेसरही पिनांसकट उपटून येतो. म्हणून यंत्र थोडे तापवून हीटसिंक आधी हलक्या हाताने डावीउजवीकडे फिरवतात.