वीज प्रकल्प आणि डोंगरातली गावं (कोल्हापूर जिल्हा)

कोल्हापूरच्या पश्चिम अंगाला शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड हे तालुके सह्याद्रीला टेकून आहेत, पाऊस बक्कळ आणि उतार आयता, त्यामुळं इथं वीज म्हटलं की आधी धरण आलं, आणि धरण आलं की कुणाची तरी वाडी उठलीच. पण प्रत्येक प्रकल्पाचा परिणाम सारखा नसतो. मेगावॅट किती यापेक्षा टर्बाइन फिरवून झाल्यावर पाणी डोंगराच्या कुठल्या बाजूला उतरतं, यावर बरंच काही ठरतं.

राधानगरीचं बघा. भोगावतीवरचं हे धरण शाहू महाराजांनी १९०९ च्या आसपास सुरू केलं आणि पुरं व्हायला १९५० चं दशक उजाडलं. साठा ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट), वीजघर तसं लहानच, पण तिथनं सुटलेलं पाणी नदीनं खाली येतं, केटी म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडतं आणि मोटरीनं उसाला चढतं, म्हणजे एकाच पाण्यात वीजही झाली आणि शेतीही. पावसाळ्यात मात्र त्याच पाण्याची धास्ती, धरण भरलं की सात स्वयंचलित दरवाजे एकेक करून उघडायला लागतात, एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी), मग सगळ्यांचं लक्ष कोल्हापुरातल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडं, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका.

तिलारीचं उलटं आहे. चंदगडच्या माथ्यावर अडवलेलं पाणी घाट उतरून दोडामार्गच्या बाजूच्या ६० मेगावॅटच्या वीजघरात जातं आणि पुढं सिंधुदुर्ग-गोव्याकडं. वरच्या शेतकऱ्याला ते परत मिळत नाही.

म्हणूनच पाटगावचा वाद पेटला. वेदगंगेवरच्या या धरणाचं पाणी वापरून खाली अंजिवड्याच्या बाजूला २१०० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प करायचा प्रस्ताव आहे (लोक पंप स्टोरेजच म्हणतात), स्वस्त वीज असेल तेव्हा पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की सोडायचं. तांत्रिकदृष्ट्या तेच पाणी खालवर फिरतं, पहिली भरती आणि बाष्पीभवनाची तूट एवढंच लागतं, हे खरं. पण भुदरगडकर विचारतात की दुष्काळी वर्षात ती भरती कुणाच्या वाटणीतनं? प्रश्न रास्त आहे.

उठलेल्या माणसांची गोष्ट लांबते. वारणा धरण झालं, वर १९८५ ला चांदोली अभयारण्य आलं, २००४ ला राष्ट्रीय उद्यान, आणि काही गावांना धरण नि जंगल असे दोन्हीकडनं धक्के बसले. पुनर्वसन कायद्यात लाभक्षेत्रातल्या (धरणाचं पाणी मिळणाऱ्या भागातल्या) मोठ्या खातेदाराची जमीन स्लॅब लावून, म्हणजे किती जमिनीमागं किती घ्यायची हे ठरवून, धरणग्रस्ताला द्यायची तरतूद आहे, कागदावर चांगली, पण नव्या गावात पाय ठेवल्या दिवसापासनं शेजारी वाकड्या नजरेनं बघतो. सातबाऱ्यावर नाव आणि रानात दुसऱ्याचा नांगर, असंही होतं. मग धरणग्रस्तांसाठी लढणाऱ्या श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली कलेक्टर ऑफिससमोर ठिय्या, तिथंच चुली, तिथंच मुक्काम.

आणि वीज? धरणाला लागून असलेल्या धनगरवाड्यांवर ती सगळ्यात उशिरा पोचली. जंगलातनं गेलेली लाईन पावसात फांदी पडून तुटते, वायरमनला चालत यावं लागतं, रस्ताच नाही तर तो तरी काय करणार! शेतीपंपाला थ्री फेज आळीपाळीनं रात्रीची येते, आजरा-चंदगड भागात हत्ती नि गवे फिरत असताना माणसानं अंधारात बॅटरी घेऊन पिकाला पाणी पाजायला, दारं धरायला जायचं. दिवसा वीज द्या म्हणून २०२२ साली स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं कोल्हापुरात धरणं धरलं ते यासाठीच.

आता त्यावर सौर कृषी वाहिनीचा उतारा आहे, शेतीपंपांना वीज देणारी लाईन, म्हणजे फीडरच, सोलरवर टाकायचा. कल्पना चांगली, पण पॅनेलसाठी नजर जाते ती गायरानावर, आणि ज्याच्याकडं दोन म्हशी आहेत पण गुंठाभरही रान नाही त्याचं वैरणीचं ठिकाण तेवढंच असतं.