झडपा, हृदयाच्या
हृदयातील रक्त एकाच दिशेने पुढे जावे यासाठी असलेले पातळ, तंतुमय पडदे. ते चार ठिकाणी असतात : उजव्या अलिंद (वरचा कप्पा) व निलयामध्ये (खालचा कप्पा) त्रिदली, डाव्या बाजूस द्विदली, आणि फुप्फुसाकडे रक्त नेणारी फुप्फुस रोहिणी व शरीराला रक्त पुरवणारी महारोहिणी यांच्या मुखाशी प्रत्येकी एक अर्धचंद्राकार झडप. बोलीत ‘व्हॉल्व्ह’ हाच शब्द रूढ आहे. दलांना, म्हणजे झडपेच्या पाकळ्यांना, स्वतःचा जोर नसतो. दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकाने ती उघडतात व मिटतात. सांगली-मिरजेकडील विहिरींवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) याच तत्त्वावर चालतो. मोटार बंद होताच पाइपातल्या पाण्याच्या भारानेच पाते खाली बसते. त्यात काडी अडकली की पाणी विहिरीत उतरते आणि पाइप पुन्हा भरून घ्यावा लागतो. दिवसाला सुमारे एक लाख ठोके देणाऱ्या हृदयाला तेवढी उसंत नसते.

द्विदली झडपेची दले पांढऱ्या कंडरारज्जूंनी (दोरीसारख्या तंतूंनी) निलयाच्या भिंतीवरील अंकुरक स्नायूंना बांधलेली असतात. हे स्नायू झडप ओढून मिटवतात हा समज चुकीचा. दले अलिंदाकडे उलटू न देणे एवढेच त्यांचे काम. बोकडाचे हृदय घेऊन, डावे अलिंद कापून, महारोहिणी चिमटीत धरून निलयात नळीने पाणी भरले की दले शिडासारखी फुगून एकमेकांना भिडतात व रज्जू ताणले जातात. एक मुख्य रज्जू कापला तर तेवढा भाग उलटतो आणि पाणी तिथून निसटते.

झडपांचे कार्य प्रथम कोणी ओळखले याविषयी एकमत नाही. श्रेय बहुधा इजिप्तमधील अलेक्झांड्रियाशी जोडल्या जाणाऱ्या ग्रीक वैद्य एरासिस्ट्राटस (इ. स. पू. तिसरे शतक) याला दिले जाते, त्याचे लेखन नष्ट झाले असून माहिती मुख्यतः नंतरच्या काळातील वैद्य गेलेनकडून मिळते. मात्र प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्राटीसच्या नावावरील संग्रहात हृदयावर एक छोटे प्रकरण आहे. मृत माणसाच्या हृदयात अर्धचंद्राकार पडद्यांपलीकडे पाणी किंवा वारा शिरत नाही, असे त्यात म्हटले आहे. ते खुद्द हिपॉक्राटीसचे असणे संभवत नाही, इ. स. पू. चौथ्या शतकाचा उत्तरार्ध ते तिसऱ्या शतकाचा मध्य हा काळ अधिक ग्राह्य वाटतो. तसे असल्यास दोन्ही निरीक्षणे जवळपास समकालीन ठरतात. लिओनार्दो दा विंचीने १५१३ च्या सुमारास महारोहिणीच्या मुळाशी रक्ताचे भोवरे उठतात व ते झडप मिटण्यास साहाय्य करतात असे टिपून ठेवले. विसाव्या शतकातील प्रयोगांनी त्याला पुष्टी मिळाली. द्विदलीची तुलना बिशपच्या (ख्रिस्ती धर्मगुरूच्या) दोन टोकांच्या टोपीशी शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियसने केली. रक्ताभिसरणाची सुसंगत मांडणी मात्र इंग्रज वैद्य हार्वीची (१६२८).

विकार दोन प्रकारचे : झडप अरुंद होणे आणि गळणे. निरोगी द्विदलीचे मुख ४ ते ६ चौ. सेंमी. असते, ते १.५ चौ. सेंमी. किंवा त्याखाली आल्यास विकार तीव्र मानतात. भारतात याचे प्रमुख कारण संधिज्वर. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकॉकस जंतूंनी दुखतो, बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन आज गुडघा तर उद्या घोटा सुजतो. सूज ओसरते, दले मात्र चिकटत जातात. अनेक स्त्रियांच्या बाबतीत विकार उघड होतो तो गरोदरपणात, रक्ताचे आकारमान वाढून धाप लागल्यावर. पुनरावृत्ती टाळण्यासाठी दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. उतारवयात महारोहिणीची झडप चुन्याने कडक होते. जन्मतः तिला दोनच दले असल्यास हे लवकर घडते.

अरुंद द्विदली फुग्याने रुंदावण्याची पद्धत १९८० च्या दशकात आली. कृत्रिम झडपा १९६० पासून बसवल्या जातात. तिरुवनंतपुरम येथे घडवलेली चित्रा झडप १९९० मध्ये प्रथम वापरली गेली. मिरजेत १८९४ मध्ये मिशन रुग्णालय व १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने सीमाभागातील कर्नाटकातूनही रुग्ण तिथे येत आले आहेत. धातूची झडप रात्रीच्या शांततेत घड्याळासारखी टिकटिकते. अशा रुग्णाला रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. पालेभाज्यांनी तिचा परिणाम कमी होतो. म्हणून मेथी-पालक वर्ज्य नसतात, पण आठवडाभर बंद आणि मग एकदम ताटभर भाजी, असे चालत नाही. दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला झडपेविषयी सांगावे लागते.