पंक्चर काढणे (ग्रामीण विदर्भ)

पंक्चर काढणे : काटा, खिळा, तारेचा तुकडा किंवा काच टायरमध्ये घुसून हवा गेली, की चाक बदलणे, भोक शोधणे, ते बुजवणे आणि पुन्हा हवा भरणे या सगळ्या कामाला मराठीत मिळून ‘पंक्चर काढणे’ म्हणतात. विदर्भातील खेड्यांत बोलताना, आणि पुष्कळदा दुकानांच्या पाट्यांवरही, हा शब्द ‘पंचर’ असा होतो. हवा एकदम गेली तर टायर ‘बसला’ आणि हळूहळू जात असेल तर हवा ‘उतरते’, हा बोलण्यातला भेद दुरुस्तीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. उतरणाऱ्या टायरमध्ये हवा भरून बहुधा पुढचे गाव गाठता येते. बसलेल्या टायरवर मात्र गाडी थोडे अंतर जरी रेटली, तरी डिस्कची, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाची, कड टायरची बाजू आतून कापते आणि पट्टीने भागले असते तेथे टायरच टाकून द्यावा लागतो.

हवेच्या टायरचे पहिले एकस्व (पेटंट) रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले, पण तो प्रचारात आला जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे सायकलीसाठी केलेल्या टायरमुळे. रबरी टायरच्या बैलगाडीला देशाच्या अनेक भागांत ‘डनलॉप’ म्हणतात, ते यांच्याच नावावरून. जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो, ते मात्र कोणा संशोधकाचे नाव नव्हे. वेल्समधील लानेली या गावी स्टेपनी नावाच्या रस्त्यावर १९०४ च्या सुमारास असे चाक तयार होऊ लागले आणि त्या रस्त्याचे नाव चाकाला चिकटले.

विदर्भात पंक्चर होण्याची कारणे शेतीच्या वहिवाटीशी बांधलेली आहेत. रोही (नीलगाई) आणि रानडुकरे पिकात शिरू नयेत म्हणून शेतकरी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभळीच्या आणि बोरीच्या फांद्यांचे कुंपण घालतात. या फांद्या बैलगाडीतून किंवा ओढत नेताना पांदणीवर (शेताकडे जाणाऱ्या वाटेवर) आणि पुढे डांबरी रस्त्यावरही काटे गळतात. बाभळीचा दोन-तीन इंचांचा वाळलेला काटा खिळ्याइतकाच टणक असतो. नाल्याकाठी आणि रस्त्याच्या कडेला माजलेल्या वेड्या बाभळीचा काटाही त्याला हार जात नाही. जेथे बैलांच्या वाहतुकीचे प्रमाण टिकून आहे, तेथे नालेचे निखळलेले खिळे सापडतात. तूर कापल्यानंतर शेतात उरणारी खुंटे तिरकस कापलेली, पटाशीसारखी धारदार असतात. शेतमाल आणण्यासाठी थेट वावरात नेलेल्या गाडीच्या टायरची बाजूच ती फाडतात, आणि बाजूला झालेली इजा कोणत्याही पट्टीने भरून निघत नाही.

चाक बदलण्याची रीत सर्वत्र सारखीच असली, तरी काळ्या मातीत तिला एक जोड द्यावी लागते. गाडी सपाट व कठीण जागी घेऊन हातब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि उचलायच्या चाकाच्या तिरकस समोरच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावावेत. नट जॅक लावण्यापूर्वी, चाक जमिनीवर असतानाच, अर्धा फेरा सैल करून घ्यावेत. चाक अधांतरी झाल्यावर घट्ट नटाशी झटापट केली तर गाडी जॅकवरून सरकते. पावसाळ्यात डांबराच्या कडेची काळी माती वरून सुकलेली दिसली तरी आत लोण्यासारखी असते. तिच्यावर ठेवलेला जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो. त्यासाठी जॅकखाली लाकडी फळी किंवा फरशीचा तुकडा ठेवतात, आणि अनुभवी चालक तो गाडीत कायम बाळगतात. नवे चाक बसवताना नट ओळीने न कसता समोरासमोरचे कसावेत, म्हणजे चाक वाकडे बसत नाही. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर ते पुन्हा एकदा आवळून पाहावेत.

पंक्चरचे दुकान बहुधा चौफुलीवर किंवा बसथांब्याजवळ, एखाद्या कडुनिंबाखाली टिनपत्र्याच्या आडोशाला असते. झाडाला टांगलेला जुना टायर हीच त्याची पाटी. भारनियमनाच्या वेळांमुळे हवेची टाकी विजेबरोबरच लहान इंजिनवरही चालेल अशी सोय काही दुकानदार करून ठेवतात. ट्यूब असलेल्या टायरचे काम असे चालते : वॉलमधून (हवा भरण्याच्या झडपेतून) उरलेली हवा काढतात, दोन लोखंडी पट्ट्यांनी टायरची कड डिस्कबाहेर घेतात, ट्यूब ओढून काढतात, तिच्यात थोडी हवा भरतात आणि पाण्याच्या घमेल्यात ती तुकड्या-तुकड्याने दाबत फिरवतात. बुडबुडे जेथून येतात तेथे खूण करून, जागा कोरडी करून कानशीने घासतात, सोल्यूशन लावतात आणि ते बोटाला चिकटेल पण ओले लागणार नाही इतके सुकल्यावर पॅच बसवून ठोकतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे झुकलेला असताना हे सुकणे फार वेळ घेत नाही. श्रावणातल्या दमट हवेत घाई केली, तर तोच पॅच दोन दिवसांत सुटून येतो.

कामाचा खरा कस यानंतर लागतो. ट्यूबला भोक पाडणारा काटा पुष्कळदा टायरमध्येच तुटलेला असतो आणि बाहेरून पाहता तो ठिपक्याएवढाही दिसत नाही. म्हणून जाणता कारागीर ट्यूब आत घालण्यापूर्वी टायरच्या आतल्या अंगाने कापसाचा बोळा सगळीकडे फिरवतो. जेथे कापसाचे तंतू अडकून राहतात, तेथे काट्याचे टोक असते, आणि ते पकडीने उपसून काढले जाते. नुसत्या बोटांनी चाचपणारा बोटही जखमी करून घेतो आणि एखादा काटा मागेही ठेवतो. एकाच टायरचे पंक्चर आठवड्यात दोनदा काढावे लागले, तर दोष पॅचला देण्यापूर्वी ही तपासणी झाली होती का, हे विचारावे.

अलीकडच्या मोटारींत बहुतेक टायर ट्यूबलेस असतात. त्यांत काटा रुतून राहिला तर हवा फार सावकाश जाते, म्हणून दुकान गाठेपर्यंत तो उपसू नये. साबणाच्या पाण्याने गळती शोधतात, भोक कानशीसारख्या गोल हत्याराने साफ करतात आणि चिकट रबरी दोरी मोठ्या सुईने आत दाबून वरचे टोक कापतात. चाक न काढताही हे काम होते, आणि म्हणूनच ते लोकप्रिय आहे. तरीही टायर उतरवून आतून मशरूमच्या आकाराचा पॅच लावणे अधिक भरवशाचे. दोन्ही पद्धती जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यापुरत्याच आणि सुमारे ६ मिमीपर्यंतच्या भोकालाच लागू पडतात. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिमीपेक्षा कमी उरली असेल, तर तो दुरुस्त न करता बदलणेच योग्य.

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवण्याचा सल्ला विदर्भात सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. कमी हवेचा टायर चालताना अधिक दबतो, अधिक वाकतो आणि त्या वाकण्यानेच तापतो. दुपारी गाडी थांबवून तापलेल्या टायरमध्ये मोजलेला दाब जास्त दिसतो, तो स्वाभाविक असतो. तेव्हा हवा सोडली तर सकाळी टायर अर्धपोटी राहतो. कंपनीने दारावरच्या पट्टीत दिलेला आकडा, जो लहान मोटारींत साधारण ३० ते ३५ पौंड असतो, सकाळी थंड टायरवर मोजायचा असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२० च्या दुरुस्तीनंतर ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या लहान प्रवासी मोटारींना स्टेपनीची सक्ती उरली नाही. या संचातील द्रव काट्याएवढे भोक बुजवतो; तुरीच्या खुंटाने फाटलेल्या बाजूपुढे त्याचे काही चालत नाही. मेळघाटात धारणीकडे किंवा गडचिरोलीत भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दोन दुकानांमधले अंतर मोठे असल्याने तेथे पूर्ण आकाराची स्टेपनीच लागते. काही गाड्यांत ती तळाशी साखळीने टांगलेली असते आणि पावसाळाभर उडालेली काळी माती साखळीत वाळून दगडासारखी बसते. मग स्टेपनी खाली घेण्याआधी पाण्याची बाटली रिकामी करून माती भिजवावी लागते.